खंडेनवमीला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न : जुन्या वस्तू, शस्त्रं आणि बंदुका

दर खंडेनवमीला आमच्या साताऱ्यातल्या घरी पुढच्या खोलीत चार टेबलं जोडून मी माझा संग्रह मांडतो. गल्लीतली पोरं, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण येऊन जातात. प्रश्न मात्र दरवर्षी तेच. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं गाड्यांखाली काढली, त्यामुळे एकच गोष्ट शंभरदा सांगायची सवय आहे. पण आता घसा साथ देत नाही, म्हणून लिहून काढलं. बाकीचं ज्याला हवं त्याने वाचावं, कायद्याचं तेवढं सगळ्यांनी वाचावं.

तुमच्याकडे बंदूक आहे का?

नाही. बंदुकीचा परवाना आहे, आजोबांच्या नावाचा, घड्यांवर विरून चार तुकडे झालेला. बंदूक कुठे गेली ते पुढे येईल.

मग टेबलावर असतं तरी काय?

शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, त्यातल्या बऱ्याच झिजून नुसत्या टिकल्या झालेल्या. पायली, अधोली, शेर, चिपटं ही मापं. कुलपं. एक दांडपट्टा. दोन तलवारी, त्यातली एक बनावट, मुद्दाम ठेवलेली. बारूद ठेवायचं एक शिंग आणि एक पितळी रंजकदाणी (रंजक म्हणजे बार पेटवायची बारीक दारू). पहिल्या महायुद्धातली तीन मेडलं. आणि एसटीची ट्रेमधली जुनी तिकिटं, पंच मारलेली. शेवटच्या वस्तूला लोक हसतात आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभे राहतात. "अरे, हे तर आपलं कराडचं तिकीट!" असं म्हणून एकदा एक आजी चक्क रडल्या होत्या.

माणसं वस्तू गोळा का करतात? नेमकं काय मिळतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो : लहानपणी काय जमवत होतात? शंभरातले नव्वद जण काहीतरी जमवत असतात. चिंचोके, गोट्या, काडेपेटीची छापं, पोस्टाची तिकिटं, मोरपिसं. म्हणजे प्रश्न 'काही जण का जमवतात' असा नसून 'बाकीच्यांनी का सोडलं' असा आहे.

मला स्वतःला तीन गोष्टी दिसतात. पहिली शोधाची. मोडीवाल्याच्या ढिगात हात घालताना जे होतं ते वस्तू घरी आणल्यावर होत नाही. घरी आली की ती पुसायची, मांडायची, चार दिवसांनी मन पुढच्या ढिगात. शिकारीचाच हा स्वभाव आहे, फक्त इथे कुणी मरत नाही.

दुसरी अपुरेपणाची. मापांचा संच घ्या. माझ्याकडे बरीच वर्षं अधोली नव्हती. वरची पायली होती, खालचा शेर होता, मधे भोक. जेवताना तो रिकामा खण आठवायचा. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने त्यांच्या गोदामातून ती काढून दिली, तेव्हा आठवडाभर मी सुखात होतो. मग लक्षात आलं की चिपटं निराळ्या गावचं आहे, संचाशी जुळत नाही. संग्रह करणाऱ्याला पूर्ण झालेला संच नकोच असतो, हे माझं मत आमच्या घरात सर्वमान्य आहे.

तिसरी सांगायला अवघड. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं नाव ऐकलं असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, दौती, दारं, वाद्यं असं करत संग्रह वीस हजारांवर गेला. त्यातला 'राजा' हा त्यांचा लहानपणीच वारलेला मुलगा. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. तिथे हजारो अडकित्ते-दिव्यांमधून फिरताना हे नाव डोक्यात ठेवून फिरा, म्हणजे एक माणूस एवढे अडकित्ते का जमवतो ते वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

संग्रह आणि अडगळ यात फरक काय?

घरातलं उत्तर : माझा तो संग्रह, दुसऱ्याची ती अडगळ.

खरं उत्तर असं की संग्रहातल्या वस्तूला निवड असते आणि नोंद असते. कुठून आली, कधी आली, कुणी दिली, काय सांगून दिली, हे वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. काहीच टाकवत नाही, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत झोपायला जावं लागतं, कुणी हात लावला की जीव कासावीस होतो, असं असेल तर तो छंद नाही. डॉक्टरमंडळींनी २०१३ पासून त्याला मनोविकारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिलेली आहे. त्यावर उपचार होतात. घरात असं माणूस असेल तर त्याच्या नकळत ट्रक बोलावून घर रिकामं करू नका. माझ्या पाहण्यात एका घराने केलं होतं. वर्षभरात घर पुन्हा भरलं, माणूस मात्र घरच्यांशी बोलेनासा झाला.

एखाद्या वस्तूला एवढी किंमत का येते? लोखंड तर लोखंडच.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं आपल्या साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा तुम्हीही रांगेत असाल. मी होतो. पोलादाच्या नख्यांचा पंजा, तळहातात मावेल एवढा. तसाच्या तसा आपल्याकडचा लोहार चार दिवसांत करून देईल. मग रांग कशाची होती?

रांग होती त्या पेटीवरच्या मजकुराची. अफजलखानाला मारलं ती हीच वाघनखं, आणि साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना ती ग्रँट डफ या साहेबाला पेशव्यांच्या पंतप्रधानाने दिली, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं आहे. संग्रहालय स्वतः प्रामाणिकपणे सांगतं की ही तीच आहेत याची खात्री पटवता येत नाही. तरीही रांग होती, आणि असायलाच हवी होती. कारण १८१८ नंतर साताऱ्यातून एक गोरा साहेब काय घेऊन गेला, त्याच्या घरात काय सांगितलं गेलं आणि दोनशे वर्षांनी ती गोष्ट आपल्याच गावात कशी परत आली, एवढं तरी नक्की खरं आहे.

हे सगळ्या जगात असंच चालतं. अमेरिकेत बिली द किड नावाचा एक कुप्रसिद्ध गुंड होता. त्याला ज्या रिव्हॉल्व्हरने मारलं ते २०२१ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. त्या जातीची रिव्हॉल्व्हरं हजारोंनी निघाली होती. टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणतात ती तलवार २०२३ मध्ये लंडनला एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली. आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने सत्तेचाळीस लाख रुपयांच्या आसपास देऊन परत आणली. पातं त्यातलं युरोपी आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे 'फिरंगी' म्हणत ते हेच : पातं परदेशी, मूठ इथली. एकाच तलवारीत व्यापार, लढाई, लूट, लिलाव सगळं आलं.

म्हणून माझं मोडीवाल्यांना एकच सांगणं असतं : वस्तूबरोबर जे सांगतात ते लिहून आणा. चिठ्ठी हरवली की वाघनखं म्हणजे नुसता पंजा.

आता मुद्द्याचं. बंदुकांचा संग्रह करण्यात अर्थ आहे का?

दरवर्षी एखादा तरी तरुण हा प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा ऊसवाल्या भागातला, पैसा बरा असलेला, बुलेटवर आलेला. माझं उत्तर त्याला आवडत नाही.

माझ्या टेबलावरची प्रत्येक वस्तू बघा. ती मेलेली आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणा-पैसा मेला. मेट्रिक मापं आली आणि पायलीचा व्यवहार संपला. तिकिटाचं मशीन आलं आणि कंडक्टरचा ट्रे संपला. वस्तूचं काम संपतं तेव्हा ती बाजारातून उठून संग्रहात येते, आणि तिच्याकडे निवांत बघता येतं. कुणीही हातात घेतली तरी काही बिघडत नाही. शिवराई घेऊन आज कुणी वाण्याकडे जाणार नाही.

चालती बंदूक मेलेली नसते. पन्नास वर्षं कपाटात पडली तरी तिचं काम तिथेच, चापाखाली, शाबूत असतं. ज्या वस्तूचं काम चालू आहे तिला मी संग्रहाची वस्तू म्हणत नाही. हत्यार म्हणतो. दहा हत्यारं जमवली की संग्रह होत नाही, दहा हत्यारं होतात.

यावर तो तरुण म्हणतो, "पण काका, त्यातलं यंत्र बघा की!" तिथे मात्र मी विरघळतो, कारण मीही मेकॅनिक. बंदुकीच्या इतिहासाइतका सुंदर यांत्रिक इतिहास थोडाच असेल. आधी जामगी, म्हणजे जळती वात. ती धुमसत ठेवायची, पावसात ती विझली की बंदूक म्हणजे काठी. मग गारेची बंदूक, चाप ओढला की गार पोलादावर घासून ठिणगी. तिचीही खोड होती : आधी कान्यावरची, म्हणजे नळीच्या भोकाजवळची, रंजक भपकन पेटायची, मग क्षणभराने बार. स्कॉटलंडमधल्या फोर्साइथ नावाच्या पाद्रीबुवांना बदकांच्या शिकारीचा नाद. बदकं तो भपका बघून उडून जायची. वैतागून त्यांनी आघाताने पेटणारी रंजक शोधली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातून टोपीची बंदूक आली, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटून बार काढणारी. देवाचं काम करणाऱ्या माणसाने बदकांवरच्या रागापायी जगातल्या लढाया बदलल्या. ही गोष्ट सांगताना मी रंजकदाणी आणि शिंग समोर ठेवतो. बंदूक लागत नाही. उलट बंदूक समोर असली तर कुणी रंजकदाणीकडे बघणारच नाही, सगळे "एकदा हातात देता का?" म्हणत उभे राहतील आणि पहिला फोटो डोक्याला नळी लावून निघेल.

अजून एक. संग्रहाचा अर्धा आनंद दाखवण्यात असतो. बंदुका कुलपात ठेवाव्या लागतात, कुठे आहेत ते कुणाला सांगायचं नाही, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला जायचं. ज्याच्याबद्दल गप्प बसावं लागतं तो कसला छंद?

गुंतवणूक म्हणून घेतो म्हणणाऱ्यांसाठी : आपल्याकडे १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्यामुळे जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरला लोक तोंडाला येईल तो भाव सांगतात. तो भाव टंचाईचा आहे, इतिहासाचा नाही. उद्या नियम बदलला की कोसळेल.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. पण या छंदात पडल्यावर एवढं पाठ झालंय.

शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. बंदूक, रिव्हॉल्व्हर, काडतुसं यांना परवाना लागतो. तो जिल्हाधिकारी देतात. आमच्यात विनोद आहे की बंदुकांचा कलेक्टर व्हायचं असेल तर आधी कलेक्टरसमोर उभं राहावं लागतं, आणि तो काही 'छंद' हे कारण ऐकून हसत नाही.

पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने तीनाच्या दोन झाल्या. वारसाने आलेली धरूनही दोनच. नेमबाज खेळाडूंना आणि परवानाधारक विक्रेत्यांना वेगळी सूट आहे. म्हणजे साध्या गृहस्थाने बंदुकांचा 'संग्रह' करायचा म्हटला तरी तो दोनावर संपतो. विनापरवाना बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं. लष्करी जातीची, म्हणजे प्रतिबंधित हत्यारं असतील तर सात ते चौदा. वरातीत हवेत बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता पळवाट शोधणारे लगेच म्हणतात, "जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही ना?" कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती नीट वाचा. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, आणि ते *दुरुस्त करूनही* बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तर. सगळी मेख त्या 'दुरुस्त करूनही'मध्ये आहे. मला मेकॅनिक म्हणून विचाराल तर नळी शाबूत असलेली कुठलीही ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) दुरुस्त होते. एक नळी, एक घोडा, एक स्प्रिंग. त्यामुळे 'आमची जुनी आहे' हा निवाडा घरच्या घरी करू नका.

माळा आवरताना आजोबांची ठासणीची बंदूक सापडली. काय करू?

पहिलं म्हणजे ती भरलेली आहे असं धरून चाला. थट्टा नाही. आतली दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते, आणि आजोबांनी शेवटचा बार भरून तशीच ठेवली की काढून, हे सांगायला ते नाहीत. नळी कुणाकडेही रोखू नका, घोडा ओढून बघू नका, पोरांना खोलीबाहेर काढा. वेल्डिंगवाल्याकडे तर चुकूनही नेऊ नका.

दुसरं, ती पिशवीत घालून मोटरसायकलवरून पोलीस ठाण्यात नेऊ नका. वाटेत अडवलं तर समजावता समजावता पुरेवाट होईल. आधी कागद शोधा. आजोबांचा परवाना सापडला तर निम्मं काम झालं. मग लेखी कळवा, जमल्यास वकिलाला बरोबर घ्या, आणि ते सांगतील तशी जमा करा. धारक वारल्यावर वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. धारक हयात असला तरी वयाची सत्तरी झाली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली की वारसाच्या नावावर करता येते. हे वेळेत करावं.

आमच्याकडे वेळेत झालं नाही. पाटण बाजूच्या आमच्या गावी आजोबांकडे राखणीची बंदूक होती, भुईमुगात डुकरं यायची म्हणून. आजोबा गेले आणि वडिलांनी घाबरून दुसऱ्याच आठवड्यात ती जमा केली. मी तेव्हा कॉलेजात होतो. पावती मिळाली. पुढे मी बरीच वर्षं विचारत राहिलो. एकाने सांगितलं रजिस्टर बदललं, दुसऱ्याने सांगितलं जुना मुद्देमाल निकाली काढला. आता माझ्याकडे परवाना, पावती आणि ते शिंग आहे. शिंगाला अजून गंधकाचा वास येतो असं मला वाटतं. बायकोला येत नाही.

अमेरिकेत तर लोक शेकड्याने बंदुका ठेवतात. तिथे चालतं, इथे का नाही?

तिथलं गणितच वेगळं. २०१७ च्या एका जागतिक अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. त्याच अंदाजात भारतात साधारण ७ कोटी, त्यातल्या परवान्याच्या एक कोटीही नाहीत. तिथे १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका कायद्याने पुराणवस्तू धरतात आणि पन्नास वर्षांवरच्या 'कुतूहलाच्या' बंदुकांसाठी संग्राहकांना खास परवाना मिळतो. कारखान्यांच्या नोंदी आहेत, नंबरवरून कुठल्या साली कुठे पाठवली ते निघतं. नोंद असली की संग्रहाला अर्थ येतो, हे मला मान्य आहे, हेवाही वाटतो. पण त्याच कपाटांतून बंदुका चोरीला जातात आणि त्याच घरांत अपघात होतात, हेही तिथेच चालतं.

आपल्याकडच्या नोंदी तुटल्या त्याचं कारण वेगळं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. सत्तावनच्या उठावानंतर घराघरांतली शस्त्रं काढून घेण्याची मोहीम झाली, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद, गोऱ्यांना सूट. म्हणून इथल्या वाड्यांमधून तलवारी विहिरीत गेल्या, भिंतीत गेल्या, विळे-कोयते झाल्या. माझ्याकडच्या पट्ट्याचं पातं एका वाड्याच्या छताच्या पाटणीत मिळालं होतं.

आणि तलवार? ती तरी घरात चालते ना?

धारदार शस्त्रांना परवाना सगळीकडे लागत नाही. सरकारने कलम ४ खाली अधिसूचना काढलेल्या भागात लागतो. शिवाय सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरायला बंदी येते. तुमच्याकडे काय लागू आहे ते ठाण्यात विचारून घ्या आणि तलवार घराबाहेर काढू नका. वाढदिवसाला चौकात तलवारीने केक कापून फोटो टाकणारे आणि तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हात जोडून उभे असलेले फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. दांडपट्टा २०२४ पासून राज्यशस्त्र आहे म्हणून तो गल्लीत फिरवायचा परवाना मिळाला असंही नाही.

नांगरताना काही सापडलं तर ते माझं का?

लगेच नाही. ज्या १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला त्याच साली निखात निधीचाही केला. म्हणजे जमिनीवरचं हत्यार आणि जमिनीखालचं धन दोन्हींवर एकाच वर्षी हात ठेवला. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि हा कायदा अजून लागू आहे. दहा रुपये १८७८ चे होते, आकडा तोच राहिलाय. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू. ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातला मेहुणा कितीही मागू दे.

जुनी तलवार खरी की बनावट, कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी त्यावर काय कोरलंय ते बघा. 'श्री छत्रपती' आणि खाली इसवी सन १६७४ असं ठसठशीत असेल तर विकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. त्या काळी शक, राजशक किंवा अरबी सन लिहीत. इसवी सन महाराजांच्या लोहाराला कशाला हवा? माझ्याकडची बनावट तलवार अशीच आहे, तरुणपणी महिन्याचा अर्धा पगार देऊन घेतलेली.

मग मूठ. जुन्या मुठीत पातं लाख ओतून बसवलेलं असतं. वेल्डिंगचा टाका किंवा स्क्रू दिसला की संपलं. मग गंज. जुना गंज काळसर, घट्ट, पोलादात मुरलेला. ॲसिड लावून आणलेला गंज नारिंगी, बोटाला लागणारा. शेवटी हातात धरून बघा. लढाईची तलवार हाताला हलकी लागते, कारण तोल मुठीकडे असतो. शोभेची पुढे ओढते.

गंज कसा काढू? नाणी चिंचेने घासली तर?

शिवराई चिंचेने घासणाऱ्याला मी घरात घेत नाही. वरचा तपकिरी-काळा थर ही त्या तांब्याची कातडी आहे. ती गेली की मोलही गेलं आणि अक्षरंही. पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती काढा, वाळवा, बस्स.

लोखंडाला पातळ मशीन तेल, सुती फडकं आणि दम. सॅंडपेपर नको. पातं चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नका, चामडं ओल धरतं आणि पातं खातं. म्यान वेगळं, पातं वेगळं. आपल्याकडे पावसाळ्यात तर महिन्यातून एकदा पुसलंच पाहिजे. वाई-महाबळेश्वराकडे राहत असाल तर आठवड्यातून.

पाच रुपयांच्या नाण्याला लाख रुपये मिळतात म्हणे?

नाही. आधी 'नोंदणी फी' भरा म्हणतील, मग 'जीएसटी' मागतील, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही.

आमच्या पणजोबांचं लढाईतलं मेडल आहे. विकू का?

मोडीत तर अजिबात नको. आपला जिल्हा फौजींचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. त्या काळातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, आणि तेच त्याचं दुर्दैव. किती सराफांच्या मुशीत गेली असतील! मेडलाची कड भिंगाखाली धरा. तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. म्हणजे चिठ्ठी हरवायची भीतीच नाही, ती चांदीवरच आहे. माझ्याकडच्या तीनपैकी एकावरचं नाव वाचून मी खटाव तालुक्यातलं एक घर शोधून काढलं. मेडल परत द्यायला गेलो तर त्या घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "तुमच्याकडंच असू द्या, हितं पोरं इकतील." त्यांच्याकडून पणजोबांचा एक फोटो मिळाला. आता दोन्ही एकत्र असतात.

तुमच्यामागे हे सगळं कोण बघणार?

हा प्रश्न लोक माझ्यादेखत बायकोला विचारतात.

आपल्या जिल्ह्यातल्या औंधच्या टेकडीवर जाऊन या. पंतप्रतिनिधींनी, भवानराव राजेसाहेबांनी, १९३८ मध्ये तिथे श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची मूळ चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, हस्तिदंती कोरीवकाम, खेड्यातल्या टेकडीवर. राजे होते म्हणून जमलं हे खरं, पण संस्थानं गेली आणि संग्रह राहिला, कारण त्यांनी तो हयातीतच घराबाहेर काढून लोकांसाठी मांडला. केळकरांनीही आपला संग्रह शासनाला दिला.

माझं एवढं मोठं काही नाही. मुलगी पुण्यात असते, तिला कुलपं हवी आहेत. मापांचा संच मी एका शाळेला कबूल केलाय, अट एवढीच की पोरांनी त्याने धान्य मोजून बघायचं. तलवारीचं काय करायचं ते ठरत नाही. परवाना, पावती आणि शिंग मात्र एकत्रच राहील असं वहीत लिहून ठेवलंय.

बघायला कधी येऊ?

खंडेनवमीला, सकाळी पूजा झाल्यावर, दहाच्या पुढे. शिवराई हातात मिळेल, तिकिटं हातात मिळतील, शिंगाचा वास घेऊन बघा आणि येतो का ते बायकोला सांगा. तलवार लांबून. आणि घरात जुनी कुलपं पडली असतील तर किल्ली नसली तरी घेऊन या.